दहीहांड्याला वेब मिलर नव्हता

मंडळी, मागच्या आठवड्यात हापिसात चहाच्या वेळी तिबेटचा विषय निघाला. आमचा एक मित्र नुकताच शेन्झेनची ऑनसाइट वारी करून आलाय. तिथले रस्ते, तिथली मेट्रो, तिथलं मोबाइलवरून पैसे देणं, सगळं सांगून झाल्यावर गाडी तिबेटवर आली. तो म्हणाला, "ते सगळं पाश्चात्य मीडियाचं पिल्लू आहे रे. २००८ चे फोटो आठव. सीएनएनने कापून लावले होते."

फोटो कापले होते, हे खरं आहे. पण त्यावरून "सगळं पिल्लू" इथपर्यंत उडी कशी मारायची, ते काही मला कळेना. चहा संपला, स्टँडअपची वेळ झाली, चर्चा तिथेच राहिली. म्हणून हा शनिवारचा उद्योग. मी अकोल्याचा, त्यामुळे लेख फिरून फिरून वऱ्हाडात येणार, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी २००८ मध्ये काय झालं ते बघू. १० मार्च हा तिबेटी लोकांचा स्मृतिदिन. १९५९ साली याच दिवशी ल्हासामध्ये उठाव सुरू झाला आणि त्या महिन्याच्या अखेरीस दलाई लामा सीमा ओलांडून भारतात आले. २००८ च्या १० मार्चला ड्रेपुंग आणि सेरा मठांतल्या भिक्षूंनी निदर्शनं केली. त्यांना अडवलं, काहींना धरलं. १४ तारखेला शहरात दंगल पेटली. ऑगस्टमध्ये बीजिंगला ऑलिंपिक होतं, म्हणजे साऱ्या जगाचं लक्ष चीनकडे. पण त्या दिवशी ल्हासामध्ये सरकारी परवानगीने हजर असलेला पाश्चात्य पत्रकार होता फक्त एक! 'इकॉनॉमिस्ट'चा जेम्स माइल्स. त्याची १२ ते १९ मार्चची परवानगी आधीच मंजूर झाली होती, आणि दंगल नेमकी त्याच आठवड्यात झाली.

या माणसाने जे लिहिलं ते कुठल्याच बाजूला सोयीचं नव्हतं. तिबेटी जमावाने हान आणि हुई लोकांची दुकानं निवडून निवडून जाळली, रस्त्यात दिसेल त्याला दगड मारले, हे त्याने लिहिलं. सुरक्षा दलांनी सुरुवातीला बराच वेळ हात आखडता घेतला आणि मग शहर ताब्यात घेतलं, हेही लिहिलं. म्हणजे "शांत भिक्षूंवर तुटून पडलेले सैनिक" हे चित्र त्या दिवसापुरतं तरी त्याच्या बातमीत बसत नव्हतं. चीन सरकारने त्या दंगलीत १८ नागरिक आणि एक पोलीस गेल्याचं सांगितलं. धरमशालेच्या निर्वासित तिबेटी सरकारने ठिकठिकाणच्या कारवाईचा मिळून दिलेला आकडा २०० च्या वर होता. दोन आकड्यांच्या मध्ये नेमकं कुठे थांबायचं? ते ठरवायला तिथे कोणी उरलंच नाही, कारण परदेशी माणसांना बाहेर काढण्यात आलं.

आणि इथून घोळ सुरू झाला. लंडन, न्यूयॉर्क, कोलोनच्या न्यूजरूममध्ये बातमी तर हवी, पण चित्रं नाहीत. सीएनएनच्या संकेतस्थळावर लष्करी ट्रकांसमोरून पळणाऱ्या माणसांचा फोटो लागला. मूळ फोटोत ट्रकवर दगड फेकणारे लोकही होते, ते कापलेल्या भागात गेले. जर्मनीच्या आरटीएल आणि एन-टीव्ही या वाहिन्यांनी तर नेपाळच्या पोलिसांचे फोटो तिबेटचे म्हणून दाखवले. काठमांडूत तिबेट्यांना लाठ्या बसत होत्या हे खरं, पण लाठ्या मारणारे नेपाळी होते! नंतर चूक कबूल केली गेली. पण तोवर राव जिन नावाच्या बीजिंगच्या तरुणाने 'अँटी-सीएनएन डॉट कॉम' काढलं होतं. त्यावर दोन्ही फोटो शेजारीशेजारी, लाल गोल काढून. आपल्यातुपल्यासारखा कॉम्प्युटरवाला पोरगा तो. त्याचं म्हणणं चुकीचं म्हणता येणार नाही.

पुढच्या काही आठवड्यांत ऑलिंपिकची ज्योत लंडन-पॅरिसमधून धक्के खात गेली. दिल्लीत १७ एप्रिलला इतका बंदोबस्त होता की ज्योत धावली ती जवळजवळ पोलिसांसमोरच. (बायचुंग भुतियाने ती हातात घ्यायला आधीच नकार दिला होता.) चिनी तरुणांना वाटलं, जग आपल्यावर जळतंय. पाश्चात्य प्रेक्षकांना वाटलं, जे दिसतंय ते तिबेट. खरं तर दिसत होतं ते पॅरिस.

आता वऱ्हाडात येऊ.

दहीहांडा म्हटलं की पुण्या-मुंबईच्या मंडळींना गोविंदा आठवतो. आमच्याकडे ते गाव आहे, अकोल्याच्या उत्तरेला, पूर्णेच्या खोऱ्यात. हा सगळा खारपाणपट्टा. विहीर खणावी तर पाणी खारट. आजही इथल्या गावांचा निम्मा जीव गोड्या पाण्याच्या नळयोजनेत अडकलेला असतो. पण एके काळी याच खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून इथे मीठ काढत. इंग्रजांनी मिठाची मक्तेदारी आपल्याकडे घेतली आणि तो धंदा बसला. म्हणून १९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचललं तेव्हा, समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या वऱ्हाडाला "आपण कुठून मीठ आणायचं?" हा प्रश्न पडला नाही. १३ एप्रिल १९३० ला, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, दहीहांड्याला मिठाचा कायदा मोडला गेला. अमरावतीचे वीर वामनराव जोशी, अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी ही तेव्हाची पुढची फळी. नंतर पावसाळा लागला, मीठ काढणं अवघड झालं, तसं आंदोलन जंगलाकडे वळलं. १० जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलात गवत कापलं आणि तुरुंगात गेले. त्याच महिन्यात यवतमाळजवळ डॉ. हेडगेवारांनी जंगल सत्याग्रह केला आणि शिक्षा भोगली ती आमच्या अकोल्याच्या जेलमध्ये.

हे जगाला कळलं का? नाही. विळ्याने गवत कापणाऱ्या वकिलाचा फोटो काढायला कोण कशाला पुसदला येतंय?

त्याच वर्षी २१ मे ला गुजरातच्या किनाऱ्यावर धारासणाला काय झालं ते मात्र जगाला कळलं. सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली अडीच हजार सत्याग्रही मिठागराकडे निघाले, रांगेने पुढे जात राहिले आणि लोखंडी टोकाच्या लाठ्या डोक्यावर घेत राहिले. एकानेही हात वर केला नाही. ते बघायला एक अमेरिकन माणूस उभा होता, युनायटेड प्रेसचा वेब मिलर. त्याने तात्पुरत्या दवाखान्यात जाऊन स्वतः जखमी मोजले: ३२०. दोघं मरण पावले होते. त्याची तार सरकारने आधी अडवून धरली. सेन्सॉरशिपचीच बातमी करीन, असा दम दिल्यावर ती सुटली. पुढे त्याने लिहून ठेवलंय की ती बातमी जगभरच्या १३५० वर्तमानपत्रांत छापून आली. अमेरिकेच्या सिनेटमध्ये तिचं वाचन झालं. अॅटनबरोच्या 'गांधी' सिनेमात मार्टिन शीन फोनवरून बातमी सांगतो ना, तो प्रसंग यावरूनच घेतलाय.

गांधीजींना हे पुरेपूर माहीत होतं, बरं का. मीठ उचलायच्या आदल्या दिवशी त्यांनी जगाच्या सहानुभूतीसाठी चार शब्द लिहून दिले, तेही इंग्रजीत. दांडीला फिल्म कंपन्यांचे कॅमेरे होते. इंग्रज सरकारलाही माहीत होतं. म्हणून तर २७ एप्रिललाच प्रेस ऑर्डिनन्स आला आणि देशी पत्रांकडे जामीनकीची रक्कम मागायला सुरुवात झाली. म्हणजे धारासणाच्या लाठ्या जगाने पाहिल्या आणि दहीहांड्याचं मीठ जिल्हा गॅझेटिअरच्या पानात राहिलं, यात कोणाचा त्याग मोठा, हा मुद्दाच नाही. बघणारा कुठे पोचू शकला, एवढाच फरक.

बारा वर्षांनी इंग्रजांनी हा धडा नीट गिरवला. १९४२ चा ऑगस्ट. अमरावती जिल्ह्यात यावली आणि बेनोडा या गावांत गोळीबार झाले. दोन्ही गावांच्या नावापुढे आज 'शहीद' लागतं, एसटीच्या पाटीवरही वाचलं असेल. १६ ऑगस्टला चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला जमाव बिथरला, गोळीबार झाला, सरकारी अधिकारी मारले गेले. (पुन्हा तेच. ल्हासासारखंच, जमावाच्या हातूनही माणसं मेली होती.) त्यानंतर गावात सैन्य आलं. पुरुष पकडले गेले होते वा पळाले होते. घरात राहिल्या बायका. त्यांच्यावर अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या. नागपूरहून डॉ. मुंजे आणि काही स्त्रिया चिमूरला जाऊन, बायकांशी बोलून आल्या. सरकार म्हणालं, चौकशीची गरज नाही.

यात आमच्या अणेंची गोष्ट येते, आणि ती मला फार अस्वस्थ करणारी वाटते. १९३० साली गवत कापून जेलमध्ये गेलेले अणे १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते! सेवाग्राम आश्रमातले प्रा. जयकृष्ण भणसाळी १ नोव्हेंबरला दिल्लीत त्यांच्या बंगल्यावर गेले आणि म्हणाले, तुम्ही चिमूरला चला, चौकशी लावा. अणेंना ते जमलं नाही. भणसाळी तिथेच उपाशी बसले. पोलिसांनी त्यांना उचलून परत पाठवलं. मग ११ नोव्हेंबरपासून त्यांचं जे उपोषण सुरू झालं, ते ६३ दिवस चाललं.

सरकारने काय केलं असेल? उपोषणाची आणि चिमूरची बातमी छापायलाच बंदी घातली. माणूस मरणाच्या दारात, आणि पेपरात एक ओळ नाही. यावर ऑल इंडिया न्यूजपेपर एडिटर्स कॉन्फरन्सने ठरवलं की ६ जानेवारी १९४३ ला देशभरची वर्तमानपत्रं बंद ठेवायची, आणि सरकारी नववर्षाच्या सन्मानांची यादीही छापायची नाही. बातमी छापता येत नाही, हीच बातमी झाली. १२ जानेवारीला तडजोड होऊन उपोषण सुटलं, बातम्यांवरची बंदी उठली. चौकशी मात्र झाली नाही. अणेंनी पुढच्या महिन्यात, गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी, कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला.

लक्षात घ्या, लुई फिशर हा नावाजलेला अमेरिकन पत्रकार त्याच वर्षी जूनमध्ये आठवडाभर सेवाग्रामला राहून गेला होता. त्याच्या त्या आठवड्यावर अख्खं पुस्तक आहे. दोन महिन्यांनी त्याच विदर्भात चिमूर झालं, तेव्हा बघायला तसा कोणी नव्हता. त्यामुळे नेमक्या किती बायका, नेमकं काय, हे आजही साक्षी आणि आरोपांच्याच भाषेत सांगावं लागतं. "सिद्ध कुठे झालंय?" असं म्हणणाऱ्याला तेव्हाही सोय होती, आताही आहे.

म्हणून तिबेटची बातमी वाचताना मी आधी एकच बघतो: ही कुठून आली?

१९५९ साली ती बहुतेक कालिम्पाँगहून यायची. ल्हासाहून येणारे व्यापारी, खच्चरवाले, पळून आलेले खाम्पा, यांच्या तोंडून. जॉर्ज पॅटरसन हा स्कॉटिश मिशनरी तिथून 'डेली टेलिग्राफ'ला बातम्या पाठवायचा, आणि नेहरू सरकारने त्याला कालिम्पाँगमधून घालवायची धमकी दिली होती. दुसरीकडे चीनने ॲना लुईस स्ट्राँगसारख्या मित्रपत्रकारांना ल्हासा फिरवून आणलं. त्यांनी मुक्त झालेल्या वेठबिगारांच्या कहाण्या लिहिल्या. वेठ होती, हे खोटं नव्हतं. पण सरकारी गाडीतून फिरणाऱ्याला तुरुंग दिसत नाही.

मग १९८७. चीनने ल्हासा पर्यटकांना उघडलं होतं. २७ सप्टेंबर आणि १ ऑक्टोबरच्या निदर्शनांच्या वेळी पाठीवर सॅक टाकून फिरणारी गोरी पोरं रस्त्यात उभी होती. त्यांनी जखमींना मदत केली, फोटो काढले, जबान्या लिहून बाहेर नेल्या. त्यातलाच एक रॉबर्ट बार्नेट. त्याने लंडनला जाऊन 'तिबेट इन्फर्मेशन नेटवर्क' उभं करण्यात पुढाकार घेतला. घोषणा नाहीत, झेंडे नाहीत. आलेली प्रत्येक चिठ्ठी तपासायची, दुसऱ्या साक्षीशी ताडून बघायची आणि मग छापायची. क्यूएचं काम म्हणा ना! ७ मार्च १९८९ ला ल्हासात मार्शल लॉ लागला आणि परदेशी लोकांना आधी बाहेर काढलं, तेव्हाही हे नेटवर्क माहिती काढत राहिलं. पण २००५ मध्ये पैशाअभावी ते बंद पडलं. तीन वर्षांनी ल्हासा पेटलं तेव्हा तपासून देणारा तो टेबलच नव्हता. कापलेल्या फोटोच्या चर्चेत ही गोष्ट मला फारशी कोणी बोलताना दिसत नाही.

आता माझ्या शेन्झेनवाल्या मित्रासाठी एक घरचं उदाहरण. तोही यवतमाळकडचाच आहे. त्याच २००८ सालच्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या 'डेली मेल'ने आपल्या कापूसपट्ट्यातल्या शेतकरी आत्महत्यांवर मोठा लेख छापला. मथळ्यात शब्द होता 'जीएम जेनोसाइड', म्हणजे जनुकीय बियाण्याने केलेला नरसंहार. वाचून कोणाही वऱ्हाड्याने कपाळावर हात मारला असता. बीटी कपाशीला परवानगी मिळाली २००२ मध्ये. चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायकोमुलांसह जीव दिला तो १९८६ मध्ये. कोरडवाहू जमीन, सावकार, बँकेचं थकलेलं कर्ज, कोसळलेली एकाधिकार कापूस खरेदी, अमेरिकेच्या सबसिडीने पडलेले भाव, मुलीचं लग्न, आजारपण... हे सगळं एका बियाण्याच्या पाकिटात कोंबलं होतं. त्याच वर्षी 'इफ्प्री' या संशोधन संस्थेचा पेपर आला: बीटीमुळे आत्महत्या वाढल्याचा पुरावा दिसत नाही. झालं! ज्यांना सोय हवी होती त्यांनी लगेच म्हणून टाकलं की विदर्भाचं प्रकरण मीडियाने फुगवलंय.

फुगवलेलं होतं का हो? पंतप्रधान मनमोहन सिंग २००६ च्या पावसाळ्यात येऊन सहा जिल्ह्यांना ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर करून गेले होते. त्या सहांत अमरावती आणि अकोला दोन्ही होते. गावागावात ती घरं होती, आहेत. डेली मेलचं कारण चुकलं. पण म्हणून त्या घरातला माणूस परत आला नाही. हे आपल्याला विदर्भाच्या बाबतीत कोणी समजावून सांगावं लागत नाही. तिबेटच्या बाबतीत मात्र दोन कापलेले फोटो पुरतात.

२००९ नंतर तर गोष्ट आणखी वळली. २७ फेब्रुवारी २००९ ला सिचुआन प्रांतातल्या न्गाबा इथल्या कीर्ती मठाचा तापेय नावाचा तरुण भिक्षू स्वतःला पेटवून रस्त्यावर आला. २०११ पासून अशा घटनांची रांग लागली. आतापर्यंत दीडशेच्या वर तिबेट्यांनी असं केलंय, सर्वाधिक २०१२ मध्ये. ते कोणावर दगड टाकत नव्हते, दुकान जाळत नव्हते. धारासणाच्या रांगेशी तुलना करायची तर इथे करावी. पण न्गाबाला वेब मिलर पोचू शकत नव्हता. रस्त्यावर नाके, फोन बंद, इंटरनेट बंद. बाहेर आले ते मोबाइलवरचे थरथरते तुकडे. चॅनेलवाल्यांना पहिल्या दहाची बातमी वाटली, मग सवय झाली.

जगभर छापला गेलेला फोटो आहे तो जम्फेल येशीचा. ज्वाळांनी वेढलेला, धावणारा, ओरडणारा तरुण. २६ मार्च २०१२. तो फोटो तिबेटमधला नाही, दिल्लीतला आहे. हू जिंताव ब्रिक्सच्या बैठकीला येणार होते म्हणून तिबेट्यांचा मोर्चा होता, आणि मोर्चा दिल्लीत असल्यामुळे फोटोग्राफर होते. मुंबईतही असंच. जानेवारी २००२ मध्ये पंतप्रधान झू रोंगजी आले असताना तेन्झिन त्सुंदू नरिमन पॉइंटला ओबेरॉय हॉटेलच्या परांचीवर चढला आणि त्याने 'फ्री तिबेट'चा फलक सोडला, तेव्हा खाली कॅमेरे होते. ल्हासात कुठल्याही परांचीवर चढलं तरी ते दिसणार नाही.

बाहेरच्या कॅमेऱ्याशी बोलण्याची किंमत काय असते, तेही बघा. ताशी वांगचुक या तिबेटी दुकानदाराने २०१५ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या व्हिडिओत आपलं नाव-चेहरा न लपवता सांगितलं की आमच्या मुलांना शाळेत तिबेटी भाषा शिकवत नाहीत. स्वातंत्र्य वगैरे शब्द नाही. मागणी काय, तर चीनच्याच घटनेत लिहिलेला भाषेचा हक्क. जानेवारी २०१६ मध्ये त्याला पकडलं. खटल्यात तोच व्हिडिओ पुरावा म्हणून दाखवला गेला. पाच वर्षांची शिक्षा झाली, २०२१ च्या जानेवारीत तो सुटला. पत्रकार न्यूयॉर्कला परत गेला. त्याने काही चुकीचं केलं असं मी म्हणत नाही, ताशीला स्वतःलाच बोलायचं होतं. पण "पाश्चात्य मीडियाचं पिल्लू" म्हणताना हा माणूस डोळ्यासमोर ठेवून म्हणून बघावं.

आता कॅमेराही कमी झालाय. 'व्हॉइस ऑफ अमेरिका' आणि 'रेडिओ फ्री एशिया' यांच्या तिबेटी सेवा अमेरिकन सरकारच्या पैशावर चालायच्या. म्हणून त्यांची बातमी मिठाच्या चिमटीसह घ्यायची सवय मला होती. पण न्गाबाहून आलेला फोन उचलणारे तेच होते. २०२५ मध्ये अमेरिकेनेच तो निधी रोखला.

असो. सोमवारी मित्राला ही लिंक पाठवणार आहे. तो वाचेल, आणि "पण माइल्सने तर दंगलच लिहिली ना?" म्हणेल. लिहिली. म्हणूनच माइल्सवर विश्वास ठेवता येतो आणि म्हणूनच तसे दहा माइल्स तिथे असायला हवे होते. ते कोणी येऊ दिले नाहीत, हा प्रश्न त्याने शेन्झेनच्या मित्रांना विचारावा.

जाता जाता. दिवाळीनंतर अकोल्या-अमरावतीच्या रस्त्यांवर स्वेटरची दुकानं लागतात. माल लुधियानाचा, विकणारे तिबेटी. आपण सगळे त्यांना सरसकट "नेपाळी" म्हणतो आणि भावात घासाघीस करतो. त्यांच्यातल्या काहींचं घर इथून फार लांब नाही, गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावला. १९७२ पासून तिथे नोर्ग्येलिंग ही त्यांची वसाहत आहे. थंडी सरली की दुकानं उठतात. १० मार्च येतो तेव्हा वऱ्हाडात ऊन तापायला लागलेलं असतं आणि ते आपापल्या वसाहतीत परतलेले असतात, त्यामुळे तो दिवस ते कसा पाळतात हे स्वेटर घेणाऱ्या आपल्यापैकी फारसं कोणी पाहिलेलं नसतं.